एम.एस्सी. (दगड)

आमच्या ताईच्या घरी गेलात तर पाऊल जरा जपूनच टाका! दाराशी चपलांच्या शेजारी दगड, खिडकीत तुळशीच्या कुंडीला टेकून दगड, आणि फडताळात लोणच्याच्या बरणीमागेही दगडच! प्रत्येकावर पांढऱ्या रंगाचा इवलासा ठिपका नि त्यावर काळ्या शाईने घातलेला नंबर. एकदा कामवाल्या बाईंनी त्यांतला एक केरात टाकला, तेव्हा माझी भाची भरल्या ताटावरून उठली आणि खालची कचरापेटी उपसून तो परत घेऊन आली. मगच तिने भात कालवला.

ही भाची भूशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. दोन वर्षांपूर्वी तिने हा बेत जाहीर केला, त्या संध्याकाळी भाऊजींनी हातातले वर्तमानपत्र खाली ठेवले आणि एवढेच विचारले, "दगड फोडायला एम.एस्सी. कशाला हवी?"

प्रश्न खवचट असला तरी त्यामागची काळजी खरी होती. मुलगी संगणक शिकली की पुढे काय, हे आपल्यासारख्यांना ठाऊक असते. दगड शिकली की काय? शिवाय रानोमाळ भटकणे आले, उन्हातान्हात तंगडतोड आली. ताईने माझ्याकडे पाहिले. मी मामा, म्हणजे दोन्ही पक्षांचा वकील! "आधी बघून तर घेऊ," असे म्हणून मी वेळ मारून नेली.

घाटातल्या पायऱ्या

बघायचे म्हणून एका थंडीतल्या रविवारी तिच्याबरोबर आणि तिच्या मैत्रिणीबरोबर वरंधा घाटात गेलो. पाठीवर पिशवी, पिशवीत हातोडी, गळ्यात दहापट मोठे दाखवणारे भिंग, आणि दिशा नि उतार मोजायचे होकायंत्र. माझ्याजवळ पोळीभाजीचा डबा होता.

"मामा, समोरच्या डोंगराकडे बघ. काय दिसते?"

"डोंगर दिसतो!"

"नीट बघ. पायऱ्या दिसतात की नाही?"

आणि खरोखरच दिसल्या! काळा कडा, मग थोडा उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे जमीन भेगाळली आणि तप्त लाव्हा पसरत गेला. एकदाच नव्हे, पुन्हा पुन्हा. थरावर थर चढले. युरोपियन शास्त्रज्ञांनी अशा खडकाला 'ट्रॅप' म्हटले, ते 'जिना' या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून. आजही दख्खनचा हा बेसाल्ट सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे आणि महाराष्ट्राचा जवळजवळ चार-पंचमांश भाग त्याने व्यापला आहे. शिवरायांचे सह्याद्रीतले गड याच खडकावर उभे आहेत, आणि वेरूळचे कैलास लेणे त्याच्याच पोटातून कोरून काढले आहे.

दोन थरांच्या मध्ये एक विटकरी लाल पट्टा होता. मी म्हटले, "माती दिसते." भाचीचे डोळे चमकले. "बरोबर! एक उद्रेक थांबल्यावर पुढचा येईपर्यंत ऊनपावसात कुजलेला हा थर. ही लाव्हाची विश्रांती!" चाळीस वर्षे मी या घाटातून कोकणात जातो आहे. तो लाल पट्टा मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसला.

केसाहून पातळ

पण नुसते हिंडणे म्हणजे एम.एस्सी. नव्हे. आणलेल्या दगडाची चकती कापायची, काचेवर चिकटवायची, आणि भुकटीवर घासत घासत ०.०३ मिलिमीटर जाडीची करायची. इतकी पातळ, की काळाकुट्ट दगड आरपार दिसू लागतो! बोट जरा जड पडले की दोन दिवसांची मेहनत पाण्यात. तिच्या पहिल्या चार चकत्या अशाच गेल्या. पाचवी साधली, तेव्हा तिने मला विभागात नेऊन सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितले. काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचे स्फटिक आणि त्यांच्यामध्ये निळे, नारिंगी, जांभळे तुकडे! पैठणीचा पदर उलगडावा तसे दृश्य. फुटपाथच्या दगडात हे दडलेले असते, हे कुणाला सांगून खरे वाटेल?

याखेरीज खनिजे, जीवाश्म, खडकांच्या घड्या नि भेगा, भूजल, उपग्रहांवरून घेतलेली छायाचित्रे, आणि शेवटी स्वतःचा प्रबंध. बेसाल्ट सोडून दुसरे खडक पाहायला दूरच्या सहली काढाव्या लागतात. बदामीचा तांबडा वालुकाश्म पाहून आल्यावर ही मुलगी आठवडाभर त्यातल्या तिरप्या थरांबद्दलच बोलत होती!

पुण्याच्या विद्यापीठात हा विभाग आहे, मुंबईच्या आयआयटीत आहे, नागपूर आणि गोवा विद्यापीठांतही आहे. नागपूरकर विद्यार्थ्यांना मँगनीज आणि कोळसा जवळ, गोवेकरांना लोहखनिज. एम.एस्सी. दोन वर्षांची, नव्या शैक्षणिक धोरणात चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतली असेल तर एका वर्षाचीही सोय आहे.

मुलीने हे करावे का?

हा ताईचा प्रश्न. पूर्वी याचे उत्तर अवघड होते. १९५२ च्या खाण कायद्याने स्त्रियांना जमिनीखालच्या खाणीत काम करण्याची बंदी होती. २०१९ साली तांत्रिक आणि देखरेखीच्या कामांसाठी ती सैल झाली. पण धीट बायका कायद्यासाठी थांबल्या नव्हत्या. १९८३ साली भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर गेल्या, आणि त्यांच्याबरोबर होत्या सागरशास्त्रज्ञ अदिती पंत, आपल्या नागपूरच्या! त्या बर्फापुढे वरंधा घाट म्हणजे अंगणच. हे ऐकून ताई निम्मी निवळली.

नोकरीचे म्हणाल, तर १८५१ साली स्थापन झालेले भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आहे. त्याची भरती केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून होते. खाणी, तेल, धरणे, बोगदे यांनाही ही माणसे लागतात. भूकंपाचे तर विचारूच नका! ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेने आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीने आपल्याला शिकवले, की 'आपला दख्खन म्हणजे घट्ट कातळ, तो कशाला हलतो?' ही समजूत फोल आहे. म्हणून तर पुढे कोयनेच्या परिसरात ३ किलोमीटर खोल छिद्र पाडून पाहिले. सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्ट संपल्यावर खाली त्याहून कितीतरी जुना, ग्रॅनाइटच्या जातीचा खडक लागला.

चौथी बोअर

भाऊजींना मात्र यातले काहीच पटले नव्हते. त्यांना पटवले ते त्यांच्याच गावाने.

गाव पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचे, बेताच्या पावसाचे. शेती त्यांचे थोरले बंधू पाहतात. पाणाड्याने तळहातावर नारळ धरून जागा दाखवावी, बोअर घ्यावी, आणि धुरळा उडावा, असे तीनदा झाले. चौथ्या बोअरचे पैसे भाऊजींनी बाजूला काढले होते. नेमका त्याच वर्षी भाचीने प्रबंधासाठी तोच भाग घेतला. पावसाळ्याआधी आणि नंतर तिने चाळीस विहिरींत टेप सोडून पाण्याची पातळी मोजली, ओढ्याकाठचे खडक नकाशावर चढवले, आणि एका संध्याकाळी तो नकाशा बापापुढे पसरला.

"बाबा, ही काळ्या दगडांची रांग. थरांच्या भेगेत शिरून थिजलेल्या लाव्हाची ही उभी भिंत आहे. वरून झिरपत आलेले पाणी तिच्याशी अडते. आपल्या तिन्ही बोअर भिंतीच्या खालच्या अंगाला, सलग कातळात आहेत. भेगाच नाहीत तर पाणी साठणार कुठे? आणि वरच्या अंगाला आजोबांची जुनी विहीर गाळाने भरून पडली आहे. चौथी बोअर घेऊ नका. तिचा गाळ काढा."

"पाणी लागेल याची खात्री?"

"नाही," ती म्हणाली. "खात्री पाणाड्या देतो. मी शक्यता सांगते."

भाऊजी बराच वेळ नकाशाकडे पाहत राहिले. मला वाटते, पोरगी काय शिकते आहे हे त्यांना त्या 'नाही'मुळे कळले. खोटा दिलासा देणे सोपे होते; तिने दिला नाही.

गाळ काढला. गेल्या वैशाखात त्या विहिरीत दोन परस पाणी होते. मळा काही हिरवागार झाला नाही, पण गुरांना आणि घराला टँकरची वाट पाहावी लागली नाही. शेजारच्या शेतकऱ्याच्या जागेत मात्र तिचा अंदाज चुकला, आणि तेही तिने प्रबंधात लिहिले आहे.

आता लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी चालू आहे. निकाल काय लागेल तो लागो. परवा ताईकडे गेलो, तेव्हा अंगणात मुले दिवाळीचा किल्ला करीत होती आणि भाऊजी गुडघ्यांवर बसून दामटून सांगत होते, "अरे, असा ढीग नका घालू! आधी एक थर, मग त्यावर लाल मातीचा पट्टा. सह्याद्री आहे हा!"