कृतज्ञतेची वही: तिला काय जमतं, काय नाही

कृतज्ञता वाटावी अशा गोष्टी वहीत लिहून ठेवण्यावर ‘ज्यांचं सगळं सुरळीत चाललंय त्यांचे हे चोचले’ हा आक्षेप सर्रास ऐकू येतो. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या २००३ सालच्या अभ्यासातला एक गट स्नायू आणि नसांच्या आजाराने त्रस्त असलेल्यांचा होता. ते २१ दिवस रोज कृतज्ञतेच्या नोंदी लिहीत होते. आजार होता तिथेच राहिला. पण अशा नोंदी न करणाऱ्या रुग्णांपेक्षा त्यांची मनःस्थिती बरी राहिली आणि झोपही चांगली लागली.

‘म्हणजे दुःखावर पांघरूण घालायचं’ असंही नाही. दहाजण चांगलं बोलले तरी रात्री अंथरुणावर आठवतो तो अकराव्याचा टोमणाच. वाईटाकडे मनाचा हा ओढा उपजतच असतो. वहीमुळे फक्त त्या दहाजणांचीही नोंद होते. टोमणा खोडायला कोणी सांगत नाही.

खरी गफलत लिहिण्यात होते. ‘कुटुंब, आरोग्य, नोकरी’ असं रोज उतरवलं की चार दिवसांत त्याचा जप होतो. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन यांच्या २००५ सालच्या प्रयोगात आठवडाभर रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या होत्या आणि त्या का घडल्या तेही. हा ‘का’ महत्त्वाचा. ‘शेजारच्या काकूंनी पावसाआधी माझे कपडे काढून ठेवले. का? मी ऑफिसात अडकलेय हे त्यांच्या ध्यानात होतं.’ अशा नोंदीत माणूस दिसतो. त्या प्रयोगात आनंदातली वाढ सहा महिन्यांनंतरही दिसली.

रोज लिहिलंच पाहिजे असं मात्र नाही. मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या प्रयोगात आठवड्यातून तीनदा लिहिणाऱ्यांपेक्षा एकदाच लिहिणाऱ्यांना जास्त फायदा झाला.

‘आपल्यापेक्षा वाईट हाल असलेल्यांकडे बघ’ हा सल्ला तर कृतज्ञतेच्या नावावर खपवूच नये. त्यात दुसऱ्याच्या हालअपेष्टांवर आपलं समाधान उभं राहतं.

आणि नैराश्यावरचा इलाज म्हणून वहीकडे बघू नये. २७ अभ्यासांचा २०२१ साली एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा नैराश्य आणि चिंतेवर या सरावाचा परिणाम अगदी माफक आढळला. झोप उडाली असेल, कशातच राम वाटत नसेल, तर डॉक्टर गाठावा किंवा सरकारच्या ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. अशा माणसाच्या हातात वही देऊन ‘जरा चांगलं बघायला शीक’ म्हणणं हा निव्वळ निर्दयपणा आहे, मग हेतू कितीही चांगला असो.