बिबटेकमधील संदर्भसूचीचे दोष : स्वरूप आणि निराकरण

शोधप्रबंधातील विधानाला आधार कोणता, हे संदर्भसूची सांगते. टंकजुळणीसाठी लॅटेक वापरणाऱ्या संशोधकाच्या छापील प्रतीत मात्र पुष्कळदा संदर्भाच्या जागी ठळक प्रश्नचिन्ह उमटते आणि परीक्षकाच्या दृष्टीने ते विधान निराधार ठरते. अशा वेळी संपूर्ण सूची हाताने टंकण्याचा मोह होतो. तो टाळलेला बरा; मूळ दोष बहुधा एखाद्या स्वल्पविरामाएवढाच असतो.

कार्यपद्धती :

डोनाल्ड नूथ यांच्या टेक या प्रणालीवर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी लॅटेक उभारले. त्याला जोड म्हणून ओरेन पटाश्निक यांनी १९८५ मध्ये बिबटेक सिद्ध केले. लॅटेक पहिल्या फेरीत उद्धृत संदर्भांच्या केवळ खुणा 'ऑक्स' फाइलीत नोंदवते. बिबटेक ती फाइल व 'बिब' हा संदर्भसंग्रह वाचून तयार सूची 'बीबीएल' फाइलीत लिहिते. त्यानंतर लॅटेक आणखी दोनदा चालवावे लागते : एकदा सूची आत घेण्यासाठी व पुन्हा मजकुरातील क्रमांक जुळण्यासाठी. अनेक प्रश्नचिन्हांचे कारण या फेऱ्या अपुऱ्या राहणे, एवढेच असते.

दोषांचे निदान :

फेऱ्या पूर्ण करूनही दोष राहिल्यास प्रथम बिबटेकची 'बीएलजी' ही नोंदफाइल वाचावी. तीत दिलेला ओळ-क्रमांक हा दोष जेथे लक्षात आला तेथील असतो. विसरलेला स्वल्पविराम वा न मिटलेला कंस सहसा त्याच्या आधीच्या ओळीत सापडतो. टक्क्याचे चिन्ह लावून नोंद रद्द होते, हा समजही चुकीचा आहे. लॅटेकमध्ये ते चालते, 'बिब' फाइलीत नाही.

याहून फसवा दोष म्हणजे प्रकाशकाच्या नावातील 'अँपरसँड' अथवा शीर्षकातील अधोरेषा. बिबटेक ती बिनतक्रार पुढे ढकलते आणि अडखळते ते लॅटेक. संशोधक 'बिब' फाइल दुरुस्त करतो, पुन्हा केवळ लॅटेक चालवतो आणि तोच दोष पाहून चक्रावतो. जुनी 'बीबीएल' फाइल तशीच राहिलेली असते. ती काढून टाकून बिबटेक पुन्हा चालवावे.

मराठी संदर्भांचा विशेष प्रश्न :

लेखकांची नावे जोडताना इंग्रजी 'अँड' हा शब्द रोमन लिपीतच हवा. त्याजागी 'आणि' लिहिल्यास दोन लेखकांचा एकच लेखक होतो. संस्थेचे नाव दुहेरी महिरपी कंसात न घातल्यास 'महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ' या नावातील 'मंडळ' हे आडनाव ठरते आणि सूचीत ती नोंद 'म'खाली अनपेक्षित जागी जाऊन बसते!

आद्याक्षरांचा प्रश्न अधिक गंभीर आहे. यूटीएफ-८ संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट व्यापते, तर मूळ बिबटेक एका बाइटला एक अक्षर मानते. त्यामुळे नावे संक्षिप्त करणाऱ्या शैलीत अक्षराचा तुकडा पडून निरर्थक चिन्ह छापले जाते. यावर नोंदी दुरुस्त करून उपयोग नाही. बिबलॅटेक हे पॅकेज आणि यूनिकोड जाणणारे बायबर यांचा अवलंब करावा. मात्र तेव्हा संपादक-प्रणालीच्या मांडणीत बिबटेकऐवजी बायबर निवडावे लागते. अन्यथा एकही संदर्भ सापडला नाही, अशी तक्रार येते. बिबलॅटेक व बायबर यांच्या आवृत्त्याही परस्परांशी जुळाव्या लागतात; एकच अद्ययावत केल्यास काम थांबते.

वर्णक्रमाचे तेच. यूनिकोडच्या तक्त्यात 'ळ' हा 'व'च्या आधी, तर मराठी वर्णमालेत 'ह'नंतर येतो. केवळ संकेतांकांनुसार लावलेल्या सूचीत म्हणून 'काळे' आधी व 'कावळे' नंतर येतात. बायबरला क्रमासाठी मराठी भाषा सांगता येते. तरीही 'ळ', 'क्ष' व 'ज्ञ' असलेली आडनावे छपाईपूर्वी डोळ्यांखालून घालावीत.