पाल्याचा रस आणि जस्ताची भुकटी

दाढ ठणकू लागली म्हणून दंतवैद्याकडे गेलात, तर पुष्कळदा तो दाढेतल्या खड्ड्यात तात्पुरते पांढरे सिमेंट भरतो. घरी येईपर्यंत तोंडात लवंगेचा वास रेंगाळत असतो, नाही का? हे सिमेंट म्हणजे झिंक ऑक्साइड, अर्थात जस्त आणि प्राणवायू यांच्या संयोगाची भुकटी. लवंगेच्या तेलातील युजेनॉल या द्रव्यात ती कालवलेली असते. धातूची भुकटी आणि झाडाचा अर्क यांची ही जोडी जुनीच. तिचा एक नवा अवतार आज प्रयोगशाळांतून पुढे येत आहे. त्याचा गुण काय आणि भय कोठे, ते आपण पाहू.

कडुनिंब, तुळस किंवा कोरफड यांचा अर्क पाण्यात काढतात. त्यात झिंक नायट्रेटसारखा जस्ताचा क्षार मिसळून मिश्रण ढवळत तापवतात. पाल्यातील पॉलिफेनॉल वगैरे द्रव्ये तयार होणाऱ्या कणांभोवती गोळा होतात आणि त्यांना एकमेकांस चिकटून मोठे होऊ देत नाहीत. खाली बसलेला साका बहुधा भट्टीत काहीशे अंशांवर भाजतात, की झाली भुकटी तयार! हिचे कण १०० नॅनोमीटरहून लहान असतात. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. २० नॅनोमीटरचे १०० कण ओळीने मांडले, तर ती ओळ फार तर आतड्यातल्या ई. कोलाय या जंतूएवढी लांब होईल.

इतके बारीक कण कशाला? खडीसाखरेपेक्षा पिठीसाखर लवकर विरघळते, हे तुम्ही रोज पाहता. तसेच येथे होते. कण जितका बारीक, तितका त्याचा पृष्ठभाग अधिक. त्यातून सुटणारे जस्त जंतूचे आतले व्यवहार बिघडवते. कणांच्या पृष्ठभागावर हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी जहाल द्रव्ये तयार होतात आणि ती जंतूचे आवरण पोळतात. औषधांना दाद न देणारे जंतू वाढत असताना जखमेची पट्टी, इस्पितळातील कापड, खाद्यपदार्थांचे वेष्टन यांसाठी या कणांवर संशोधन चालू आहे, ते याच गुणामुळे.

आता दुसरी बाजू. ‘वनस्पतीपासून केलेले’ असे म्हटले, की आपल्याला वाटते, मग काय, निर्धोकच! पण बरं का, भट्टीत भाजल्यावर पाल्याचा बराचसा अंश जळून जातो. उरते ते जस्ताचे ऑक्साइड. पाला सांगतो तो कृतीचा प्रकार. निर्धोकपणाची हमी तो देत नाही.

जस्ती पत्र्याचे वेल्डिंग करणाऱ्या कारागिराच्या छातीत त्याचा धूर गेला, तर काही तासांनी त्याला हुडहुडी भरून ताप येतो. तो धूर झिंक ऑक्साइडच्याच अतिसूक्ष्म कणांचा असतो. युरोपीय आयोगाच्या शास्त्रज्ञ समितीने २०१२ साली मत दिले, की उन्हापासून बचाव करणाऱ्या मलमात हे नॅनोकण शेकडा २५ पर्यंत असले, तरी कातडीला धोका दिसत नाही. मात्र श्वासावाटे आत जाईल अशा वापराला हे मत लागू नाही. म्हणजे वस्तू एकच; कातडीवर एक न्याय, फुफ्फुसात दुसरा.

साध्या भुकटीचीही एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. युरोपात डुकरांच्या पिलांना हगवण लागू नये म्हणून खाद्यातून झिंक ऑक्साइडची मोठी मात्रा देत. जस्त शेणखतातून जमिनीत साठते आणि जस्त सोसणारे जंतू प्रतिजैविकांनाही निर्ढावण्याचा संभव असतो, म्हणून २०२२ साली ते औषध तेथे बंद झाले. ज्या शत्रूसाठी हत्यार परजायचे, तोच अशाने बळावायचा!

तेव्हा अशा कणांची वाखाणणी वाचनात आली, तर तीन प्रश्न जरूर विचारा. जंतू मेले ते काचेच्या बशीत, की रोग्याच्या जखमेत? नुसता पाल्याचा रस आणि नुसता जस्ताचा क्षार वेगवेगळे वापरून तुलना केली होती का? आणि वापरानंतर ते कण जातात कोठे? कारण गटारातून ते नदीत गेले, तर विरघळलेले जस्त पाण्यातल्या शेवाळालाही विषारी ठरते, आणि माशांचे अन्न तेथूनच सुरू होते.

शेवटी एक विनंती. तुळशीचा काढा घरी खुशाल करा. हे कण मात्र घरी करू नका आणि कोणी पुडीत बांधून दिले, तर पोटातही घेऊ नका.