सर्पदंशाचा रुग्ण आणि रुग्णालयातील चोवीस तास

भातलावणी सुरू झाली की मुरबाड आणि शहापूर तालुक्यांत सर्पदंशाचे प्रसंग वाढतात. कधी बांधावर, कधी गवताचा भारा उचलताना, तर कधी रात्री जमिनीवर झोपले असता दंश होतो. रुग्णास मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात आणल्यावर नातेवाइकांना एकच चिंता असते, ती म्हणजे घरी केव्हा सोडणार? ही चिंता स्वाभाविक आहे. लावणी खोळंबलेली असते, गुरे दावणीला असतात. तथापि, अशा रुग्णास किमान चोवीस तास देखरेखीखाली ठेवावे लागते आणि त्यामागे सबळ कारणे आहेत.

दाखल होताच रुग्णाची नाडी, रक्तदाब व श्वास तपासला जातो. दंशाच्या वर घट्ट बांधलेली दोरी नातेवाइकांनी आपणहून एकदम सोडू नये. ते काम डॉक्टरांवर सोपवावे. यानंतरची चाचणी अगदी साधी, परंतु मोलाची आहे. थोडे रक्त काचेच्या स्वच्छ व कोरड्या नळीत घेऊन वीस मिनिटे न हलविता ठेवतात. वीस मिनिटांनंतरही ते गोठले नाही, तर घोणस किंवा फुरशाचे विष भिनले असल्याचे समजते. ही वीस मिनिटे कोणी उपचार करीत नाही असे वाटून नातेवाईक अस्वस्थ होतात; वास्तविक उपचाराची दिशा याच अवधीत ठरत असते. पहिल्या वेळी रक्त गोठले तरी चाचणी पुन्हा करतात, कारण विषाचा परिणाम उशिरानेही दिसू शकतो.

मण्यारची गोष्ट अधिक फसवी. तिचा दंश पुष्कळदा दुखत नाही, सूजही येत नाही. काही तासांनी पापण्या जड होतात, गिळता येत नाही आणि पुढे श्वास मंदावतो. रुग्ण झोपेला आला आहे असे समजून त्यास निजू दिल्यास अनर्थ ओढवेल. म्हणूनच परिचारिका रात्री वारंवार उठवून डोळे उघडावयास सांगतात. त्याचा राग मानू नये.

विषबाधेची लक्षणे दिसल्यासच प्रतिविष सलाइनमधून देतात. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच औषध चालते. त्यामुळे साप मारून आणण्याचा खटाटोप व्यर्थ होय. लहान मुलासही मोठ्या माणसाइतकीच मात्रा लागते, कारण सापाने सोडलेले विष वयानुसार कमी होत नाही. औषध सुरू असताना खाज, पित्त किंवा थंडी वाजल्यास तात्काळ सांगावे. लघवी किती झाली, याची नोंदही ठेवली जाते. घोणशीच्या विषाने मूत्रपिंडास इजा होते.

श्वासास यंत्राचा आधार किंवा डायलिसिस लागल्यास मोठ्या रुग्णालयात हलवितात. त्यासाठी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क झाले आहेत. तेव्हा खर्चाच्या धास्तीने रुग्णास मध्येच नेण्याचे प्रयोजन उरलेले नाही.

घरी सोडल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत ताप, पुरळ किंवा सांधेदुखी उद्भवल्यास रुग्णालयाचे कागद घेऊन पुन्हा यावे. तो प्रतिविषाचा उशिरा होणारा परिणाम असू शकतो व त्यावर औषध आहे.