सापांच्या रंगाची आनुवंशिकता : भोर व वेल्हे परिसराच्या संदर्भात

भोर व वेल्हे (आता राजगड) तालुक्यांतील भातखाचरांत धामण, नाग, घोणस हे साप नेहमी आढळतात. त्यांत क्वचित एखादा पांढरा, तांबड्या डोळ्यांचा साप निघाला, की त्याच्याभोवती दैवी समजुती गुंफल्या जातात किंवा त्याच्या किमतीची चर्चा सुरू होते. प्रस्तुत लेखात या रंगामागील आनुवंशिक कारणाचा विचार केला आहे.

सापाच्या त्वचेतील काळी-तपकिरी छटा मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे येते. पिवळी-तांबडी छटा निराळ्या रंगपेशींतून येते. मेलॅनिननिर्मितीच्या जनुकात दोष आल्यास काळा रंग लोपतो, पिवळा मात्र उरतो. म्हणूनच ‘पांढरा’ म्हटला जाणारा साप पुष्कळदा पिवळसर वा गुलाबी असतो. नागाच्या विषावर याचा काहीच परिणाम होत नाही. पांढरा नागही तितकाच घातक.

हा दोष बहुधा अप्रभावी असतो, म्हणजे तो दोन्ही जनकांकडून आला तरच दिसतो. नेहमीच्या रंगाच्या दोन वाहक सापांच्या पिलांत सरासरीने चारांत एक पांढरे, दोन वाहक व एक दोषमुक्त असते. अर्थात ही केवळ संभाव्यता होय : सहा अंड्यांतून एकही पांढरे पिलू न निघण्याची शक्यता सुमारे १८ टक्के आहे. शिवाय नेहमीच्या रंगाच्या पिलांतील वाहक कोणते, हे नुसते पाहून कळत नाही. त्यामुळे पाश्चात्त्य देशांतील पैदासकार पिलाचा संकर अनेकदा त्याच्याच जनकाशी घडवितात. आफ्रिकेतील बॉल पायथन या अजगराची श्वेत पिले अमेरिकेत १९९२ मध्ये पैदाशीतून मिळाली, आणि त्यानंतर नवनव्या नक्षींची हौस वाढतच गेली. त्यांतील ‘स्पायडर’ नक्षीला जनुकाची एकच प्रत पुरते. परंतु त्या सापांच्या अंतर्कर्णात विकृती असते, डोके डोलते, तोल जातो. नक्षी ठेवून व्याधी टाळणे पैदासकारांना साधलेले नाही. हौसेची ही किंमत साप मोजतो.

आपल्याकडे नाग, घोणस, धामण यांना पकडणे, बाळगणे वा विकणे १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमान्वये गुन्हा आहे. पांढऱ्या सापालाही हाच कायदा लागू होतो. तो आढळल्यास वनविभागाला कळविणे योग्य. बॉल पायथनसारखे विदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना २०२४ च्या नियमांनुसार नोंदणी बंधनकारक आहे.

रानात पांढरा साप घार व मुंगसाच्या नजरेत चटकन भरतो, त्यामुळे तो फार काळ टिकणे कठीण. मात्र वेल्ह्याच्या एखाद्या खाचरात पांढरी धामण निघाली, तर तोच दोष वाहणारी तिची काही भावंडे नेहमीच्या रंगात त्याच शिवारात उंदरांच्या मागावर असण्याची शक्यता मोठी आहे.