पाहुण्याचा रुपया कुठे मुरतो?

नंदुरबारचे नाव पुण्या-मुंबईच्या वाचकाला भेटते ते बहुधा कुपोषणाच्या बातमीतून. त्या बातम्या खोट्या नाहीत. नीती आयोगाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बहुआयामी दारिद्र्याच्या अहवालात या जिल्ह्याची निम्म्याहून अधिक लोकसंख्या दरिद्री ठरली. परंतु १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याजवळ दाखवण्यासारखे व देण्यासारखेही पुष्कळ आहे. पर्यटनाने येथील दैन्य हटेल, असे म्हणणारे म्हणूनच भेटतात. या म्हणण्याची परीक्षा उत्साहाने नव्हे, हिशेबाने व्हावयास हवी.

तापीच्या सपाटीवर हिंडण्यास कारणे थोडी नाहीत. तापी-गोमाईच्या संगमावरील प्रकाशे ही भाविकांची ‘दक्षिण काशी’. याच गावी १९५४-५५ मध्ये बा. कृ. थापर यांच्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन वस्तीचे अवशेष सापडले. नंदुरबार शहरात ९ सप्टेंबर १९४२ रोजी गोळीबारात हुतात्मा झालेल्या शाळकरी शिरीषकुमारचे व त्याच्या सोबत्यांचे स्मारक आहे. सारंगखेड्यास दत्तजयंतीपासून घोड्यांचा बाजार भरतो. हिवाळ्यात नंदुरबारच्या आसपास पथाऱ्यांवर वाळत घातलेल्या मिरचीने माळच्या माळ लाल होतात. आणि जेवणात कळण्याची भाकरी, वांग्याचे भरीत, झणझणीत शेवभाजी आहेच.

पण पाहुणा येणे आणि पैसा राहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. संगमावर स्नान-दर्शन करून भाविक त्याच दिवशी परतला, तर गावात फुला-नारळाचे आणि चहाचेच पैसे राहतात. सारंगखेड्यास घोडे परप्रांतांतून येतात. घोड्याची किंमत विकणाऱ्याबरोबर त्याच्या मुलखात जाते. मागे उरते ते चाऱ्याचे, जेवणाचे, जागेच्या भाड्याचे उत्पन्न. अर्थशास्त्राच्या परिभाषेत ही गळती होय. ती जितकी मोठी, तितके पर्यटन जिल्ह्याच्या दृष्टीने पोकळ.

ही गळती पाहुण्यांपुरतीच नाही. धडगाव-मोलगीच्या डोंगरपट्ट्यात आदिवासी कुटुंबे कैऱ्या सोलून, चिरून, उन्हात वाळवून आमचूर करतात. तो व्यापाऱ्याच्या पोत्यांतून खाली उतरतो; त्याची पूड, पुडी आणि नाममुद्रा होते ती अन्यत्र, आणि नफाही तेथेच राहतो. मिरचीचे देठ खुडणाऱ्या बायकांच्या वाट्याला केवळ मजुरी येते. नवापूरच्या तूरडाळीस भौगोलिक मानांकन लाभले आहे; पण मानांकन हा कागद आहे. ती डाळ त्या नावाने ग्राहकापर्यंत पोहोचविणारी व्यवस्था शेतकऱ्याच्या हाती नसेल, तर त्या कागदाला मोल कसले?

तेव्हा प्रश्न किती पाहुणे आले हा नसून त्यांचा रुपया कोणाच्या हाती पडला हा आहे. आठवडी बाजारात बचत गटाच्या बाईकडून घेतलेली आमचुराची पुडी, कारागिराच्या हातून घेतलेली बांबूची टोपली वा मण्यांची माळ, गावातल्या घरी पैसे देऊन केलेले जेवण, या व्यवहारांत मध्यस्थ नसतो. हॉटेले बांधण्याआधी शासनाने गावोगावी वाळवण-दळणाची साधने, साठवणुकीच्या जागा आणि यात्रेत स्थानिकांना गाळे दिले, तर तोच खर्च अधिक फळेल.

एक पथ्य मात्र पाळावयास हवे. सातपुड्यातील काठीची राजवाडी होळी अलीकडे बाहेरच्यांचे आकर्षण झाली आहे. मोरपिसांचे टोप घालून, कमरेला भोपळे व घुंगरू बांधून रात्रभर नाचणारे बुध्ये नवसाचे आणि व्रताचे पालन करीत असतात. उसाच्या तोडणीला गुजरातेत गेलेली माणसे या सणासाठी घराकडे धाव घेतात. अशा सणाचा तमाशा करून तिकीट लावणे, ही कमाई नव्हे. तेथे पाहुण्याने पाहुण्यासारखे, बोलावणे असेल तरच आणि कॅमेरा आवरून जावे.

शाळा-महाविद्यालयांच्या सहली दरसाल निघतात. एखादी सहल तापीकाठी न्यावी. विद्यार्थ्यांना संगमाबरोबर पथारीही दाखवावी, आणि बाजारातील आमचुराचा भाव व शहरातील पुडीचा भाव वहीत शेजारी शेजारी लिहावयास सांगावे. त्या दोन आकड्यांमधील अंतर जितके घटेल, तितकाच या जिल्ह्याचा खरा विकास झाला असे म्हणता येईल.