काचांच्या तुकड्यांची कलावंतीण

मैत्रिणींनो, घरात आरसा फुटला की आपण आधी चुकचुकतो, 'अपशकुन झाला गं बाई' म्हणतो, आणि काचा गोळा करून केरात टाकतो. इराणात मात्र अशाच काचांतून एक कला जन्माला आली. युरोपातून येणारे मोठमोठे आरसे वाटेत फुटत. ते फेकायचे कशाला, म्हणून तिथल्या कारागिरांनी त्यांचे बारीक तुकडे भिंतीच्या गिलाव्यात बसवले, असं सांगतात. हीच आईनेकारी. आपला 'ऐना' हा शब्दही फारसीतूनच आलेला, बरं का!

मशिदी-महालांतल्या या कामाला आधुनिक शिल्पाचं रूप दिलं ते मोनीर फर्मानफर्मायान यांनी. त्यांचा जन्म १९२२ चा, काझवीनचा. तरुणपणी त्या न्यूयॉर्कला जाऊन कला शिकल्या, आणि १९५७ साली इराणला परतल्या. शिराजच्या शाह-चेराग दर्ग्यात आरशांच्या लाखो तुकड्यांत माणसं हलताना त्यांनी पाहिली आणि त्या भारावून गेल्या. मग जुन्या जाणत्या कारागिरांना हाताशी धरून त्यांनी काचेचे त्रिकोण, चौकोन, षट्कोन रचायला सुरुवात केली. समोर उभं राहिलं की आपलाच चेहरा शंभर ठिकाणी दिसावा, असं ते काम!

१९७९ साली इराणात क्रांती झाली तेव्हा मोनीरबाई न्यूयॉर्कमध्ये होत्या. मागे राहिलेली चित्रं, हौसेनं जमवलेल्या जुन्या वस्तू, सगळं जप्त झालं. परदेशात काच कापणारे ते हातही नव्हते. १९९१ मध्ये पतीही गेले. तेव्हा त्यांनी लहान लहान पेट्या केल्या. आत जुने फोटो आणि आठवणीच्या बारीकसारीक वस्तू. ट्रंकेच्या तळाशी आईच्या लुगड्याचा काठ आपण जपतो ना, तसंच ते.

पण गंमत पुढेच आहे. २००४ साली, ऐंशी उलटल्यावर, बाई तेहरानला परतल्या आणि कारागीर जमवून पुन्हा काचा मांडून बसल्या! २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं प्रदर्शन झालं. २०१७ मध्ये तेहरानमध्ये त्यांच्या नावाचं संग्रहालय उघडलं. २०१९ साली त्या गेल्या, त्याही तेहरानमध्येच.

मोनीरबाईंना कल्पना सुचायच्या, पण काच कापणारा हात कारागिराचा होता. म्हणून सांगते, तुमच्या घरात जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणारी आजी असेल, तर एक दुपार तिच्याजवळ सुई घेऊन बसा. गोधडी बाजारात मिळेल हो, आजीचा टाका नाही मिळायचा.